कोळशाचा क्रूस आणि अकरा महिन्यांची वाट : माझा अनुभव

अण्वस्त्रांविरुद्धच्या प्रार्थनेत भिंतीवर कोळशाने क्रूस काढला म्हणून मला अटक झाली ती सकाळी साडेनऊला आणि रात्री दहाच्या सुमारास मी घरी परतले. त्या अटकेचे पुढे काय झाले, हे एका ओळीत लेखी मिळवायला मात्र मला अकरा महिने लागले. ती ओळ हातात आल्याशिवाय ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरण्यात अर्थ नव्हता. ब्रिटनमध्ये राहणारी आणि अण्वस्त्रांविरुद्धच्या प्रार्थनेत उतरू इच्छिणारी काही मराठी ख्रिस्ती मंडळी मला याविषयी अधूनमधून विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कोणत्या फाटकासमोर, कोणत्या पोलिसांनी आणि कोणत्या कार्यालयाने, हे मुद्दामच लिहीत नाही.

मी मूळची नगरची, आता रेडिंगमध्ये राहते. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर बर्गफिल्ड आहे आणि त्यापलीकडे ऑल्डरमॅस्टन. ब्रिटनच्या पाणबुड्यांतून सोडल्या जाणाऱ्या ट्रायडंट क्षेपणास्त्रांवरची अण्वस्त्रे या दोन ठिकाणी तयार होतात. तेथून ती लष्करी वाहनांच्या ताफ्यातून, तुमच्याआमच्या गाड्या धावतात त्याच रस्त्यांवरून, स्कॉटलंडमधील कूलपोर्ट या नौदलाच्या शस्त्रागारापर्यंत नेली जातात. 1969 पासून या देशाची किमान एक अण्वस्त्रधारी पाणबुडी अहोरात्र समुद्रात असते. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि असा ताफा आपल्या रस्त्यावरून जाताना पाहणे वेगळे. मी तो पाहिला, आणि त्यानंतर चर्चमध्ये ‘शांती असो’ म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटू लागला.

येथील ख्रिस्ती शांतता चळवळ जुनी आहे. 1958 च्या शुभ शुक्रवारी लंडनहून ऑल्डरमॅस्टनकडे निघालेल्या चार दिवसांच्या पदयात्रेत अनेक ख्रिस्ती होते, आणि अण्वस्त्रविरोधी मोहिमेचे पहिले अध्यक्ष जॉन कॉलिन्स हे तर सेंट पॉल कथीड्रलचे धर्मगुरू होते. 1980 च्या दशकापासून राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक कार्यकर्ते लंडनमध्ये संरक्षण मंत्रालयाबाहेर जमत आले आहेत. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावायची आणि कोळशाने भिंतीवर पश्चात्तापाचे शब्द लिहायचे, अशी ती रीत आहे. मी प्रॉटेस्टंट घरातली असल्यामुळे राखेची सवय मला नव्हती, पण ‘तू माती आहेस’ हे वचन अण्वस्त्रांच्या कारखान्याजवळ ऐकल्यावर त्याचा अर्थ पहिल्यांदा अंगावर आला.

त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी आम्ही सहा जण होतो. मी भिंतीवर हातभर उंचीचा क्रूस काढला, पुन्हा ओळीत येऊन गुडघे टेकले आणि पोलीस येईपर्यंत आम्ही प्रार्थना करीत राहिलो. पळून न जाणे हा या परंपरेचा कणा आहे. 9 सप्टेंबर 1980 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील किंग ऑफ प्रशिया येथे डॅनियल आणि फिलिप बेरिगन या कॅथलिक शांतता कार्यकर्त्या भावांसह आठ जणांनी क्षेपणास्त्रांच्या शिरोभागांवर हातोडे मारले, तेव्हा तेही तेथेच प्रार्थना करीत थांबले होते. तलवारी मोडून त्यांचे फाळ करण्याविषयीचे यशया संदेष्ट्याचे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. ते शब्दशः घेणारी माणसे जगात आहेत, हे मला फार उशिरा कळले.

पोलीस ठाण्यातील दिवसाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. बोटांचे ठसे, छायाचित्र आणि डीएनएचा नमुना घेतात. वकील मोफत मिळतो, मग तुमचे उत्पन्न कितीही असो. तो अवश्य घ्यावा. माझ्या वकिलांनी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देऊ नका, असे सुचवले. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते, परंतु गप्प राहणे मला पटेना. शेवटी आम्ही लेखी निवेदन तयार करून तेच वाचून दाखवण्याचा मार्ग काढला, आणि तोच मी इतरांना सुचवेन.

रात्री माझ्या हाती एक कागद देण्यात आला. त्यावर जामिनाची तारीख नव्हती, आरोपही नव्हता. ‘तपास चालू ठेवून सुटका’ एवढेच होते. ही पद्धत 2017 मध्ये जामिनाचे नियम कडक झाल्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये फार पसरली. जामिनाला मुदत असते, या सुटकेला नसते, आणि माझे अकरा महिने तेथेच अडकले.

नुसता रस्ता अडवल्याचा गुन्हा असता, तर सहा महिन्यांत खटला सुरू करावा लागला असता आणि तो न झाल्यास विषय संपला असता. माझ्यावरचा संशय मालमत्तेच्या नुकसानीचा होता, आणि नुकसान कितीही किरकोळ असले तरी त्या गुन्ह्याला ही सहा महिन्यांची मर्यादा लागू होत नाही. कोळशाची ती रेघ बादलीभर पाण्याने निघाली होती. तरीही भिंतीच्या मालकाचा जबाब यायचा आहे, असे मला तिसऱ्या महिन्यात सांगण्यात आले, पाचव्या महिन्यात सांगण्यात आले आणि आठव्या महिन्यातही तेच सांगण्यात आले. दरम्यान तपास अधिकारी दोनदा बदलले. फोन केला की संदर्भ क्रमांक विचारायचे, पाचेक मिनिटे थांबवायचे आणि मग ईमेल करा म्हणायचे; ईमेलला उत्तर यायचे की हा पत्ता या कामासाठी नाही. तपास प्रलंबित असताना नागरिकत्वाचा अर्ज केला तर तो निर्णयाविना पडून राहण्याची शक्यता मोठी असते, म्हणून परीक्षा उत्तीर्ण असूनही आणि दोन्ही शिफारसदार तयार असूनही मी थांबून होते. आईला नगरहून फोनवर हे समजावून सांगणे सर्वांत अवघड होते. अटक झाली म्हणजे काहीतरी वाईट घडले, एवढेच तिला माहीत होते.

मला राग येत होता आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. माझ्यावर खटला भरला असता तर मी आनंदाने उभी राहिले असते, कारण मी काय केले आणि का केले हे न्यायाधीशांसमोर सांगण्याची माझी तयारी होती. त्याऐवजी ना दोषी ना निर्दोष अशा अवस्थेत माणसाला सोडून देणे, हे मला कोठडीपेक्षा जड गेले.

शेवटी कोंडी फुटली ती आमच्या खासदारांच्या कार्यालयाने आणि वकिलांनी एकाच आठवड्यात पाठवलेल्या दोन पत्रांमुळे. बारा दिवसांनी तीन ओळींचा ईमेल आला : पुढील कारवाई होणार नाही. हे मी चौथ्या महिन्यातच करायला हवे होते.

त्यानंतर अर्ज. कारवाई झाली नसली तरी अटक लपवू नये. चारित्र्याच्या भागात ती स्वच्छ लिहावी आणि सोबत तो ईमेल जोडावा. माझ्या एका हितचिंतकाने ‘या कृत्याचा मला खेद आहे’ असे वाक्य घालण्याचा सल्ला दिला. मी दोन रात्री त्या चौकटीसमोर बसले. ज्या कृतीत मी स्वतः थांबून नाव सांगितले होते, तिच्याबद्दलचा खेद पारपत्रासाठी लिहून देणे मला शक्य नव्हते. मी लिहिले : ‘प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी प्रार्थनेचा भाग म्हणून मी भिंतीवर कोळशाने क्रूस काढला आणि पोलीस येईपर्यंत तेथेच थांबले.’ वकिलांनी ते वाचून एक शब्दही बदलला नाही. पाच महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. समारंभात देवाच्या नावाने शपथ घ्यावी किंवा साधी प्रतिज्ञा करावी, असे दोन पर्याय असतात. ‘शपथ वाहूच नका’ हे प्रभूचे शब्द स्मरून मी प्रतिज्ञा केली.

एक महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुम्ही कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असाल, तर अटकेची जोखीम घेऊ नका. राखेचे ताट धरणे, गाणी म्हणणे, पोलीस ठाण्याबाहेर रात्री थर्मास घेऊन थांबणे, हीदेखील तीच साक्ष आहे. मी कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत चार वर्षे तेवढेच केले.

आणि कोठडीतील नोंदींची प्रत सुटकेनंतर बारा महिन्यांच्या आत मागण्याचा अधिकार आपल्याला असतो. ती पहिल्याच आठवड्यात मागा. मी ती अकराव्या महिन्यात मागितली, आणि तेव्हा कळले की तिच्यात माझे आडनाव चुकीचे लिहिले होते.