तांबीचा गोचीडताप आणि तिची पाच पिल्ले

निफाड तालुक्यात जानेवारी महिना द्राक्षबागायतदारांना झोप लागू देत नाही. पारा एकेरी आकड्यावर उतरला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते आणि थंडीने मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटू लागतात. अशाच दिवसांत आमच्या मळ्यातील तांबी व्यायली. तांबी ही गावठी कुत्री; तांबूस रंगाची, अंगाने सडपातळ, राखणीला पक्की. पाचही पिल्ले धडधाकट जन्मली, पहिल्याच दिवशी आईला लुचली आणि चिकाचे दूध त्यांच्या पोटात गेले. पुढे जे घडले त्यात ही एक गोष्ट आमच्या बाजूची होती. पिल्लांना रोगप्रतिकारक शक्ती मिळते ती मुख्यतः चिकातून, आणि साधारण पहिल्या चोवीस तासांनंतर आतड्यातून ती शोषून घेण्याची पिल्लांची क्षमता संपते.

तांबीने अन्न सोडले तेव्हा घरातील सर्वांना तो बाळंतपणाचा थकवा वाटला, आणि तसे वाटणे साहजिकही होते. मला खटकल्या त्या तिच्या हिरड्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. तिला कुशीवर वळवून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लालजांभळे ठिपके दिसले. बोटाने दाबले तरी ते पुसट होत नव्हते. गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहिले, तर ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असते. शेजारच्या वस्तीवरून एकाने घरातली तापाची गोळी अर्धी करून देण्याचा सल्ला दिला. माणसांसाठीची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या यकृतावर, मूत्रपिंडावर आणि जठरावर घातक परिणाम करू शकते, म्हणून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय काहीही द्यायचे नाही असे ठरवले आणि आम्ही तांबीला पिल्लांसकट गाडीत घालून नाशिकला नेले.

रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट चाळीस हजारांच्या खाली निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. हिमोग्लोबिनही घसरले होते. गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जंतूचा हा आजार असून आपल्याकडे त्याला गोचीडताप म्हणतात. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की हा संसर्ग शरीरात कित्येक महिने बाहेरून काहीही न दिसता दबून राहू शकतो आणि गाभणपणाच्या व विण्याच्या ताणात डोके वर काढू शकतो. त्यामुळे ऐन थंडीत अंगावर एकही गोचीड दिसत नसताना हा ताप कसा आला, याचे उत्तर मिळाले.

उपचार होता डॉक्सिसायक्लिन, तोही पूर्ण २८ दिवस. इथेच दोन कामे एकमेकांवर आदळली. हे औषध दुधात उतरते आणि वाढीच्या वयातील दातांवर त्याचे डाग पडू शकतात. त्याहून मोठी अडचण अशी, की तांबीच्या अंगात पाच पिल्लांना पाजण्याइतके रक्तच उरले नव्हते. दूध आटत चालले होते आणि पिल्ले रिकाम्या सडांना ओढ देत रडत होती. डॉक्टर म्हणाले, “ताई, आता हिला फक्त हिच्यापुरतं जगू द्या. पिल्लांना तुम्ही पाजा. आणि एक लक्षात ठेवा, गार पडलेल्या पिल्लाला दूध द्यायचं नाही. आधी ऊब, मग दूध.”

हे शेवटचे वाक्य मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवले, कारण नवजात पिल्ले वाढवण्याचे निम्मे शास्त्र त्यात आहे. जन्मानंतरचे काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. थंडीने काकडून अंगात ऊब आणण्याची क्षमताही त्याच्याकडे नसते. अंग थंड पडले, की आतड्याची हालचाल मंदावते आणि अशा वेळी पाजलेले दूध न पचता पोटात तसेच राहते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवतीची हवा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी आणि आमच्या पडवीत तर रात्री हात बधिर होत होते. म्हणून आम्ही धान्याच्या खोलीतला एक कोपरा रिकामा केला. द्राक्षांच्या पॅकिंगसाठी आणलेली पुठ्ठ्याची खोकी उघडून जमिनीवर दोन थरांत पसरली, त्यावर गोधडी टाकली आणि प्लास्टिकच्या क्रेट उभ्या लावून तिन्ही बाजूंनी आडोसा केला. शंभर वॉटचा एक पिवळा बल्ब एका टोकाला टांगला. तो मुद्दाम मध्ये टांगला नाही, कारण जास्त उष्णता झाली तर पिल्लांना रांगत दुसऱ्या टोकाला जाता आले पाहिजे. वीज गेली तर हाताशी असावी म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून तयार ठेवत असू. पिल्ले एकमेकांवर ढीग करून रडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडते आहे, आणि शेजारीशेजारी शांत झोपून अधूनमधून पाय झटकत असतील तर सारे ठीक आहे, हे थर्मामीटरपेक्षाही लवकर कळू लागले.

दुधाबद्दल प्रत्येकाचे मत निराळे होते. गोठ्यात गाय असताना विकतची पावडर कशाला, हा प्रश्न तर घरातूनच आला. परंतु कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुधातील साखर मात्र कमी असते; त्यामुळे नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू उपाशीही राहते आणि त्याला हगवणही लागते. त्यात पाणी घातले, तर उरलेसुरले सत्त्वही जाते. पावडर हाती येईपर्यंत एका रात्रीपुरती सोय म्हणून डॉक्टरांनी उकळून कोमट केलेल्या गाईच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून देण्यास सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पिल्लांसाठीची तयार दूधपावडर वापरली, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच कालवली आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून कोमटपणा पाहून मगच दिली.

एका वेळी किती पाजायचे, याचा हिशेब वजनावर असतो. शंभर ग्रॅम वजनामागे साधारण चार मिलिलिटर दूध नवजात पिल्लाच्या जठरात मावते, त्याहून जास्त कोंबू नये. म्हणजे तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला बारा मिलिलिटर, आणि तेही दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे पाठीवर झोपवून पाजायचे नसते. ते आईखाली पालथे पडून पिते तसेच, टॉवेलावर पोटावर ठेवून, मान किंचित वर उचलून बाटली लावायची. पिल्लू स्वतः ओढते तेवढेच द्यायचे, बाटली दाबायची नाही. नाकातून दुधाचे बुडबुडे आले तर लगेच थांबून डोके खाली करायचे. जे पिल्लू चोखतच नव्हते, त्याला डॉक्टरांनी नळीने पाजले; ते काम मी घरी केले नाही, कारण नळी चुकून फुप्फुसाकडे गेली तर पिल्लू हातातच जाते.

रोज सकाळी स्वयंपाकातल्या डिजिटल काट्यावर पितळेची परात ठेवून प्रत्येकाचे वजन घेत असे आणि वहीत लिहीत असे. गावठी पिल्लांचे एक बरे असते, प्रत्येकाचा रंग निराळा असल्याने ओळखीसाठी गळ्यात दोरे बांधावे लागत नाहीत. पिल्लाचे वजन दररोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढावे आणि आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हावे, असा सर्वसाधारण दाखला आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते ही वही दाखवते. पिल्लू हाताला जड लागते, पण आकडा हललेला नसतो, आणि त्याच दिवशी लक्ष दिले तरच उपयोग होतो.

आजारी आईला पिल्लांपासून वेगळे ठेवावे की नाही, यावर मी बराच विचार केला. दुसऱ्या खोलीत ठेवले, की ती दारावर नखे घासत उभी राहायची आणि समोर ठेवलेल्या अन्नाकडे वळूनही पाहायची नाही. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, “अगं, बाळंतीण आहे ती, पिल्लं जवळ असल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.” डॉक्टरांना विचारले, तर त्यांनीही सड झाकून जवळ ठेवायला हरकत नाही असे सांगितले. मग माझ्या पतींच्या जुन्या सुती बनियनला पुढच्या पायांसाठी भोके ठेवून, पोटावरून घट्ट घेऊन पाठीवर गाठी मारल्या. पिल्लांना सड सापडत नव्हते, पण आईची कूस मिळत होती. तांबी त्यांना चाटत होती आणि हे चाटणे म्हणजे नुसती माया नसते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांना स्वतःहून लघवी किंवा शी करता येत नाही; पोटाखाली चाटल्यानेच ती होते. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूहळू पुसावे लागते. ज्या दिवशी तांबीला मान उचलवत नव्हती त्या दिवशी ते मी केले, आणि नंतर तिने ते काम स्वतःकडे घेतले. माझे ठाम मत झाले आहे, की आजार पिल्लांना थेट लागणारा नसेल आणि आई त्यांच्यावर गुरगुरत नसेल, तर तिला पिल्लांपासून तोडू नये. पिल्ले कुशीत आल्यानंतरच तिने पहिल्यांदा रस्सा चाटला.

तिचे खाणे हा वेगळाच उद्योग होता. डॉक्सिसायक्लिनची गोळी उपाशीपोटी दिली तर उलटी होते आणि कोरडी गिळली तर अन्ननलिकेला जखम करू शकते. म्हणून आधी दोन घास, मग गोळी, मग पिचकारीने थोडे पाणी, असा क्रम ठेवला. गोळी दुधातून किंवा दह्यातून द्यायची नाही, कारण त्यातील कॅल्शियम औषधाला धरून ठेवते. कांदा, लसूण आणि तिखटमीठ न घालता शिजवलेली कोंबडी, तिचाच रस्सा, मऊ भात आणि उकडलेले अंडे, असे थोडे थोडे दिवसातून अनेकदा दिले. कांद्यालसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला तर त्याचा वासही नको. ताप दोन-तीन दिवसांतच उतरला. डॉक्टरांनी मात्र बजावले, की बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या तर जंतू पुन्हा दबून बसतील.

पाचांपैकी एक पिल्लू आम्हाला राखता आले नाही. करड्या रंगाची ती मादी होती, सुरुवातीपासून सर्वांत लहान. वहीत तिचा आकडा एका सकाळी खाली आला, दुपारी तिने बाटली तोंडातून ढकलली. रात्री तिचे रडणेही बारीक झाले. मी तिला ब्लाउजच्या आत छातीशी धरून हळूहळू ऊब दिली, डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे हिरड्यांवर ग्लुकोजचे पाणी लावले, आणि उजाडण्याआधी ती गेली. अशी पिल्ले आतून कशाने खचतात ते पुष्कळदा कळत नाही. पतींनी तिला तांबीपुढे ठेवले. तांबीने तिला हुंगले, थोडे चाटले आणि उरलेल्या चौघांकडे तोंड वळवले. त्यानंतरच आम्ही तिला बांधावरच्या लिंबाखाली पुरले. त्या सकाळीही बाकीच्यांचे दूध वेळेवर कालवावे लागले.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोळे उघडले, मागोमाग कानही उघडले आणि मग भांडे पडले तरी चौघेही दचकू लागले. पाजण्यातील अंतर वाढवता आले. दोन आठवडे पूर्ण झाल्यावर जंताचे पहिले औषध वजनाप्रमाणे दिले. पिल्लांना जंत बहुधा आईकडूनच येतात, म्हणून ते दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचे असते. चौथ्या आठवड्यात पसरट ताटलीत पावडरीच्या दुधात मऊ कुस्करलेला भात दिला, तेव्हा चौघेही ताटलीत पाय घालून उभे राहिले. बाटली सुटली ती तिथे.

औषधाचा क्रम संपल्यावर तांबीचे रक्त पुन्हा तपासले. प्लेटलेट दोन लाखांच्या वर गेल्या होत्या आणि हिरड्यांना रंग आला होता. नसबंदीची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी रक्त पूर्ण भरून येईपर्यंत पुढे ढकलली, आणि ती पुढे उन्हाळ्यात झाली. पिल्लांना सहा आठवड्यांनंतर पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस दिली, आठ आठवडे झाल्यावर तीन पिल्ले ओळखीच्या वस्त्यांवर गेली आणि पांढऱ्या कानाचे एक आमच्याकडेच राहिले. नेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लसीचे कार्ड दिले आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस त्यावर चढली की नाही, हे मी फोन करून विचारले.

गोचीडतापाचे काम मात्र गोळ्यांनी संपत नाही, कारण हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असे नसते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. घरातल्या घरात तिच्या पिढ्या चालू राहू शकतात. म्हणून आम्ही धान्याच्या खोलीतील आणि पडवीतील फटी सिमेंटने बुजवल्या, भिंतींना चुना दिला, तांबीची जुनी पोती जाळून टाकली. डॉक्टरांनी दिलेले गोचिडीचे औषध तांबीच्या आणि पांढऱ्या कानाच्या पिल्लाच्या मानेवर आता दर महिन्याला लागते, आणि संध्याकाळी दोघांच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली हात फिरवून पाहण्याचे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.