ते सात सेकंद

आमच्या रेडिओच्या कोर्सचं वार्षिक संमेलन म्हणजे दिवे बंद करून दोन-अडीच तास नुसतं ऐकत बसायचं. जुनी-नवी सगळी बॅच एका हॉलमध्ये. मॅडम दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून. आधी बातमीदारी केलेली, मग रेडिओ, मग आम्हाला शिकवणं, त्यामुळे खरं-खोटं या विषयावर त्या कधीच सैल पडल्या नाहीत.

सुरुवात दरवर्षी ठरलेली. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे अवाढव्य हवाई जहाज पेटलं, ३६ माणसं गेली, आणि रेडिओचा बातमीदार हर्बर्ट मॉरिसन ते बघून बोलता बोलता रडायला लागला, ते रेकॉर्डिंग. पहिल्या वर्षी माझ्या अंगावर काटा आला होता. मग मॅडम तेच परत लावायच्या, स्पीड जरासा कमी करून. रेकॉर्ड करणारं मशीन त्या दिवशी थोडं हळू चाललं होतं, म्हणून तबकडी नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज चिरका येतो, आणि वेग नीट केला की तोच माणूस खालच्या, जड आवाजात बोलतो. रडणं खरं, पण तो तसा किंचाळत नव्हता. "इथे कुणी खोटं बोललेलं नाही, तरी आपण भलताच माणूस ऐकत आलो," मॅडम म्हणायच्या, "मग मुद्दाम कापाकापी केली तर काय होईल?"

'दिस अमेरिकन लाइफ' या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमानं २०१२ मध्ये चीनमधल्या फॅक्टरीवरचा आपलाच गाजलेला एपिसोड मागे घेतला आणि काय चुकलं ते सांगायला अख्खा एपिसोड दिला, तेही त्या ऐकवायच्या. चूक कबूल करतानाचा आवाज नीट ऐका म्हणायच्या.

मग आम्ही केलेले रेडिओ पीस. त्यांचा एक नियम, पीसमध्ये ज्याचा आवाज वापरलाय त्या माणसाला संमेलनाला बोलवायचंच. समोर बसवून ऐकवायचं. याच्याइतकी कडक परीक्षा मी दुसरी दिली नाही.

माझ्या पीसमध्ये ३० वर्षं रात्रपाळी केलेल्या एक नर्सबाई होत्या. परत संधी मिळाली तर हेच काम कराल का, असं विचारल्यावर त्या सात सेकंद गप्प, एक श्वास, लांब कुठेतरी दार लागल्याचा आवाज, मग "हो". मला ते रटाळ वाटलं, मी गॅप कापून लगेच "हो" जोडला, ऐकायला एकदम मस्त. मॅडमनी कच्चं रेकॉर्डिंग मागवलं, हेडफोन लावून दोन्ही ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू त्यांना विचार न करता हो म्हणायला लावलंस." त्या रात्री बसून मी सातही सेकंद परत जोडले.

संमेलनात बाई दुसऱ्या रांगेत होत्या, मी त्यांच्या बरोब्बर मागे. तो प्रश्न आला आणि सगळा हॉल गप्प, कुणीतरी खुर्चीत हललं तेही ऐकू आलं. स्पीकरमधून "हो" यायच्या जरा आधी बाईंनी मान हलवली, आणि शेजारी बसलेल्या मुलीचा हात धरला.