पाणी तापंना म्हणून रॉड मोजला, त्याचा माझा अनुभव

परभणीकडची पहाटेची थंडी काय असते ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर आप्पांनी पाण्याचा नवा रॉड आणला, १५०० वॅटचा, कारण जुना १००० चा "मेला" होता (असं त्यांचं म्हणणं). पण नव्यानंही तेच, साडेपाचला लावलेली बादली सव्वासहा झाले तरी कोमटच. आप्पा म्हणले दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला, आजच जाऊन त्याच्यापुढं टाकतो. मी म्हणलं थांबा ओ, आधी मोजून तर बघू.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला. व्ही बरोबर आय गुणिले आर (म्हणजे व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स, तारेचा अडथळा) हे वहीत शंभरदा लिहिलं असंल पण घरात कधी कामाला आलं नव्हतं. मित्राचा टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं मीटर) आणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी घालून बसलो.

पहिल्याच झटक्याला फजिती. रॉडच्या केबलला टेस्टरचा जबडा अडकवला तर स्क्रीनवर शून्य. बादलीत रॉडला बुडबुडे चिकटायलेत आणि करंट शून्य कसा? आप्पा मागून बघायलेच होते, "हेच शिकवतेत का तुमच्याकडं?" दहा मिनिटं डोकं खाजवलं तेव्हा ध्यानात आलं की केबलच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही हायेत, एकीतून करंट जायलाय आणि दुसरीतून तेवढाच वापस यायलाय, दोघांचं मॅग्नेटिक फील्ड एकमेकाला मारून टाकतं, म्हणून शून्य. जबड्यात एकच वायर पाहिजे. मग एका जुन्या एक्स्टेंशनचा प्लग काढून ठेवून त्याचं वरचं जाड कव्हर वीतभर उभं चिरलं, आतल्या वायरीच्या रबराला ब्लेड लागू दिलं नाही, आणि फक्त लाल वायर जबड्यात घेतली.

४.९ अँपिअर. सॉकेटला व्होल्टेज बघितलं तर १७२!

आता हिशोब. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, १७२ भागिले ४.९, आले ३५.१ ओहम. पॉवर म्हणजे दोन्हीचा गुणाकार, ८४३ वॅट. आप्पा लगेच, "बघ, म्हणलं नव्हतं? पंधराशे म्हणून आठशेचा दिला." पण रॉडवर छापलेले १५०० वॅट हे २३० व्होल्टला हायेत. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला १५०० नं भागलं की खऱ्या रॉडचा रेझिस्टन्स निघतो, ३५.३ ओहम. आपला ३५.१. म्हणजे रॉड शंभर टक्के चांगला, दुकानदार बिचारा फुकट शिव्या खायला होता.

मला स्वतःला धक्का बसला तो याचा की व्होल्टेज पाव हिश्शानं पडलं आणि पॉवर जवळजवळ निम्मी झाली. कारण व्होल्टेज कमी झालं की करंटपण त्याच मापानं कमी होतो, मार दोन्हीकडून बसतो. २० लिटर पाणी १८ डिग्रीवरून ४८ ला न्यायला १५०० वॅटला अठ्ठावीस मिनिटं लागतील तर ८४३ ला पन्नास, बादलीतून उडून जाणारी उष्णता न धरता. मायनं विचारलं मग बिल दुप्पट यायचं का? नाही, तेवढ्याच पाण्याला तेवढीच वीज, पाऊण युनिटच्या आसपास, जास्त वेळात हवेत जाईल तेवढंच थोडं वर.

दुपारी परत मोजलं, तर २२४ व्होल्ट. पहाटे हरभऱ्याला न गव्हाला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, एका डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळा भार, मग व्होल्टेज राहील कुठून.

जोशात मग घरातलं जे दिसंल ते मोजत सुटलो आणि पिवळ्या १०० वॅटच्या बल्बनं पुन्हा तोंडावर पाडलं. बल्ब काढून मल्टिमीटरनं मोजला तर ४० ओहम, हिशोबानं झाला १३०० वॅटचा बल्ब! तसं नसतंय. थंड तारेचा रेझिस्टन्स कमी असतो, पेटल्यावर तार पांढरीफक तापते आणि तोच ५२९ च्या घरात जातो. रॉडच्या तारेत एवढा फरक पडत नाही, म्हणून रॉड थंडा मोजला तरी चालतंय. पण प्लग काढूनच, चालू लाइनवर मीटर ओहमवर लावला की गेला मीटर.

आप्पा म्हणले आता विहिरीवरची मोटार पण मोज. तिथं हा सरळ गुणाकार चालत नाही, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटातला खरा कामाला येणारा हिस्सा) मधे येतो, आणि वागणूकपण उलटी, व्होल्टेज पडलं की रॉड कमी करंट घेतो पण मोटार तेच पाणी उपसायला जास्त ओढते आन वाइंडिंग जळतं. मागच्या साली आमची का जळली ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी सहज माळ्यावरचा जुना रॉड खाली काढला, तोच "मेलेला". हजार वॅटचा म्हणजे ५२.९ यायला पाहिजे. मीटरवर आले ५३. आप्पांना अजून सांगितलं नाही.