गावात उघडतंय, खानापुरात उघडंना

"सर, गावात उघडतंय की हो. खानापुरात उघडंना झालंय."

जुलै २०२० मध्ये हे वाक्य मी आमच्या कॉलेजातल्या एका मुलीच्या तोंडून तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा सोडून दिलं. तिचं गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. पावसाळ्यात तिथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि मोबाईलला रेंज हवी तर घरामागच्या माळावर चढावं लागतं. म्हणून ती बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापुरात मामांकडे राहायला आलेली. मामांकडे वायफाय. आणि पोरगी सांगते काय, तर रेंज नसलेल्या गावात कॉलेजच्या सर्व्हरवरचं फोल्डर उघडतं आणि वायफायवर उघडत नाही. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं : कारणं सांगते.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मार्चपासून लॅबला कुलूप होतं आणि बीसीएच्या मुलांच्या असाइनमेंट मात्र लॅबमधल्याच सर्व्हरवर जमा व्हायच्या होत्या. साधी फाइल मेलने मागवता येते. डेटाबेसचा प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवून, चालवून दाखवावा लागतो, आणि त्यावर इंटर्नल मार्क असतात.

मुलांना घरून आत कसं घ्यायचं यावर मीटिंग झाली, तेव्हा एक सूचना अशी आली की राउटरमधून फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत येण्याचं दार, सरळ बाहेर उघडून द्या, झटपट काम होईल. मी हटून बसलो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच पोर्टवरून. कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागत होता. बीसीएच्या तिन्ही वर्षांच्या मुलांचं काम ज्या मशीनवर आहे ते असं उघड्या रस्त्यावर ठेवायला माझं मन धजेना. मी ओपनव्हीपीएन बसवलं. मुलाच्या लॅपटॉपपासून कॉलेजपर्यंत एक बंद बोगदा, प्रत्येकाला वेगळी किल्ली, आणि बाहेरून दिसणारं दार एकच, यूडीपी ११९४. ते काम मी मनापासून केलं होतं. कदाचित त्यामुळेच त्यात चूक असेल हे मला सुचलं नाही.

४३ पैकी ३६ जणांनी काम जमा केलं. सात जण राहिले. शेवटच्या दिवशी रात्री नऊला त्या मुलीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज रडवेला होता.

"सर, मी रोज करून बघायलोय. कनेक्ट व्हायलंय, हिरवं यायलंय. फोल्डरच दिसंना." (आमच्याकडे मुलीही 'बघायलोय'च म्हणतात.)

"बरं, लॅपटॉप समोर घे बाळ. मी सांगतो तसं टाइप कर."

आधी तिच्याकडून लॅपटॉपचे नेटवर्कमधले पत्ते वाचून घेतले. व्हीपीएनचा १०.८.० ने सुरू होणारा पत्ता तिला मिळालेला होता, म्हणजे बोगदा तयार होता. वायफायचा पत्ता तिने एक-एक आकडा करून वाचला : एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात. इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हटलं, आता सर्व्हरला पिंग कर (म्हणजे हाक मारून तो उत्तर देतो का बघ), १९२.१६८.१.१०.

"रिप्लाय यायलाय सर! चारही आले!"

सर्व्हर उत्तर देतोय आणि फोल्डर दिसत नाही? मी तिला म्हटलं, ओळ पूर्ण वाच. तिने वाचली. वेळ ३ मिलिसेकंद, टीटीएल (पाकिटावरचा आकडा, वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला एकने घटणारा) ६४.

मी खुर्चीत सरळ झालो. बेळगावातच, टिळकवाडीतल्या माझ्या घरून, त्याच व्हीपीएनवरून, मला चाळीसच्या खाली वेळ कधी दिसली नव्हती. खानापूरहून तीन मिलिसेकंदांत उत्तर येणार कुठून? शिवाय आमचा सर्व्हर विंडोजचा. विंडोज टीटीएल १२८ पासून मोजतं, बोगद्यातून येताना एक कमी होऊन १२७ दिसायला हवा. ६४ हा लिनक्सचा, अँड्रॉइडचा आकडा. उत्तर देणारा आमचा सर्व्हर नव्हताच. जे कोण होतं ते तिच्याच घरात बसलं होतं.

"घरात वायफायवर काय काय चालू आहे?"

"मामींचा मोबाईल, आणि टीव्ही."

"टीव्ही बंद करायला सांग. रिमोटनं नको, भिंतीवरच्या बटणानं."

फोनमधून बातम्यांचा आवाज येत होता, तो तुटला. तिने पुन्हा पिंग केलं.

"आता येईना झालंय सर. अनरीचेबल म्हणायलंय."

टीव्ही! सात दिवस ती पोरगी आपला प्रोजेक्ट मामांच्या टीव्हीकडे मागत होती.

घरगुती आणि ऑफिसच्या नेटवर्कसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत, १९९६ पासून तसा लेखी दंडकच आहे. ते कुणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत. त्यातला १९२.१६८.१ हा गट दुकानातून आणलेल्या कितीतरी राउटरमध्ये आधीपासून भरलेला असतो. काही वर्षांपूर्वी लॅब उभी करताना मी तो तसाच ठेवला होता. मामांच्या राउटरमध्येही तोच. पत्रावर गावाचं नाव न घालता नुसतं 'घर नंबर १०' लिहिलं तर पोस्टमन आपल्याच गल्लीतलं दहावं घर ठोठावणार. तिच्या लॅपटॉपने तेच केलं. सर्व्हरचा पत्ता घरातलाच वाटल्यावर तो बोगद्याकडे वळलाच नाही. आणि गावात? माळावर ती मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जोडायची. तिचा फोन १९२.१६८.४३ चे पत्ते द्यायचा, तिथे टक्करच नव्हती. फोल्डर उघडायचं, पण रेंज इतकी मरतुकडी की ४८ एमबीचा प्रोजेक्ट अर्ध्यावर तुटायचा.

ती पहिल्या दिवसापासून अक्षरन् अक्षर खरं सांगत होती. उत्तर त्या वाक्यातच होतं.

"वायफाय बंद कर आणि मोबाईलचा हॉटस्पॉट लाव," मी म्हटलं. खानापुरात रेंज चांगली होती. दोन मिनिटांत ती ओरडली, "दिसलं सर, दिसलं!" पाठीमागे मामींनी "काय झालं गं?" म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. सर्व्हरवर तिच्या फाइलची वेळ पडली ती २१:५२.

उरलेल्या सहाही जणांना मी त्याच रात्री फोन लावले. पाच लागले आणि पाचही जण घरच्या वायफायवर होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना भेटून सांगितलं की दोष मुलांचा नाही, माझ्या नेटवर्कचा आहे. त्यांनी तीन दिवस वाढवून दिले. त्या तीन दिवसांत मी लॅबचा पत्त्यांचा गटच बदलला, घरच्या राउटरमध्ये सहसा सापडणार नाही असा १०.७३ चा. सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं मशीन, एकेका पीसीसमोर बसून. प्रिंटरने सगळ्यात जास्त त्रास दिला.

सातव्याचा फोन शेवटच्या दिवशी दुपारी लागला. तो शेतात होता, रोप लावणी चालू होती.

"सर, ते मी सोडून दिलतो," तो म्हणाला. "मला वाटलं मलाच जमंना झालंय."

मी म्हटलं, हातपाय धू, घरी जा, लॅपटॉप उघड, मी फोनवर आहे. अर्ध्या तासाने त्याने लावला.