रूटचा पासवर्ड बदलला, आता खात्यांची छाननी

हाती आलेल्या जुन्या मशीनवर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस सर्व्हर होता. डेटा शाबूत होता, पण रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड सोबत आला नव्हता. नवा पासवर्ड लावायचं काम अखेर मार्गी लागलं.

अशा वेळी बहुतेक जण सर्व्हर सुरू करतानाचा स्किप-ग्रँट-टेबल्स हा पर्याय सुचवतात. त्याने परवानग्यांची तपासणीच बंद पडते. ८.० मध्ये नेटवर्कही आपोआप बंद होतं हे खरं, पण त्याच मशीनवरच्या कुणालाही पासवर्डशिवाय आत शिरता येतंच. मला ते पटत नाही, म्हणून इनिट-फाइल हा पर्याय वापरला; त्यात दिलेल्या फाइलमधल्या आज्ञा सर्व्हर सुरू होतानाच चालवतो.

सर्व्हर थांबवला. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकच ओळ लिहिली: अल्टर यूजर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय, पुढे अवतरणात नवा पासवर्ड आणि शेवटी अर्धविराम. मायएसक्यूएल ज्या यूजरच्या नावाने चालतं त्याच्या मालकीची फाइल केली, परमिशन ६०० दिली, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येते. मग इनिट-फाइलला तिचा पूर्ण पाथ देऊन सर्व्हर सुरू केला. (उबुंटूवर ॲपआर्मर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइल वाचायच्या यावर बंधन घालणारी यंत्रणा, चालू असेल तर फाइल होम फोल्डरमध्ये ठेवू नका, सर्व्हरला ती वाचता येत नाही.) लॉगिन झाल्याबरोबर फाइल डिलीट केली, कारण पासवर्ड तिच्यात उघडाच असतो, आणि सर्व्हर नेहमीसारखा रीस्टार्ट केला.

खरं काम यानंतर निघालं. यूजर टेबलमधली नावं आणि होस्ट काढून पाहिले, तर रूट दोनदा! एक लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच मशीनवरून येणारा, दुसरा टक्केचिन्हाचा, म्हणजे कुठल्याही मशीनवरून येऊ शकणारा. मायएसक्यूएलमध्ये नाव आणि होस्ट मिळून एक खातं होतं, त्यामुळे दुसऱ्या रूटचा जुना पासवर्ड तसाच चालू होता. पासवर्ड बदलल्यावर ही यादी बघाच, नाहीतर निम्मंच काम झालेलं असतं. तो टक्केचिन्हाचा रूट ड्रॉप केला, म्हणजे काढून टाकला.

आणखी एक अनोळखी खातं सापडलं. ते लगेच न उडवता अकाउंट लॉक केलं. एखादा व्ह्यू (साठवलेली क्वेरी) किंवा प्रोसिजर (साठवलेला छोटा प्रोग्राम) त्याच्या नावावर असेल, तर डिफायनर, म्हणजे ज्याच्या नावावर ते आहे ते खातं, नाहीसं झाल्यावर ते चालवताना एरर येते. लॉकने फक्त नवं लॉगिन थांबतं. ॲपसाठी वेगळं खातं काढलं आणि त्याला एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट एवढंच दिलं. परवानग्या दाखवणाऱ्या शो ग्रँट्स या आज्ञेने खात्रीही केली.

आता रोल्स, म्हणजे एका नावाखाली बांधलेले परवानग्यांचे गट, लावायला घेतलेत. नुसता रोल देऊन भागत नाही. सेट डिफॉल्ट रोल केलं नाही, तर लॉगिननंतर तो सहसा लागूच होत नाही.