आमची वाटचाल: आधी हवा, मग दरपत्रक

नाशिकच्या इंदिरानगरात २००९ साली आमचं पार्लर सुरू झालं. एकच गाळा होता. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल आणि लग्नसराईत नवरीचा मेकअप, एवढंच काम. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड केलेल्या मुली ओझरहून, सिन्नरहून यायच्या. आज दोन शाखा आहेत. काम करणाऱ्या सगळ्या बायका, बहुतेक विशी-तिशीतल्या. त्यांचं वय मुद्दाम सांगतेय, कारण मूल होण्याचं हेच वय.

धंद्याला बरकत आली ती केराटिन आणि स्मूदनिंग या केस सरळ, गुळगुळीत करण्याच्या ट्रीटमेंटमुळे. एका गिऱ्हाइकात फेशियलच्या कितीतरी पट पैसे मिळायचे. क्रीम लावायचं, केस वाळवायचे आणि दोनशे अंशांवर तापलेलं मशीन एकेका बटेवरून फिरवायचं. त्या वाफेने डोळे चुरचुरतात, घसा धरतो. क्लायंट दोन-तीन तास बसते आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा येते. मशीन धरणारी मुलगी मात्र ती वाफ रोज तोंडावर घेते.

या वाफेत फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू असतो. बाटलीवर बऱ्याचदा त्याचं नाव नसतं, ‘मिथिलीन ग्लायकॉल’ लिहिलेलं असतं. फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळला की तेच तयार होतं, आणि तापवलं की वायू पुन्हा मोकळा होतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०११ साली सलूनवाल्यांना इशारा दिला होता, कारण ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या मालातही तो सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. पुढे ग्लायऑक्सिलिक आम्लाची क्रीम ‘सुरक्षित’ म्हणून आली. तीही तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडू शकते, शिवाय तिच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधून आल्या आहेत.

आमच्याकडच्या एका जुन्या मुलीला दिवस राहत नव्हते. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याचं काम काय ते विचारलं, तिचं विचारलंच नाही. तिने मला विचारलं, “ताई, याचा आपल्या कामाशी काही संबंध असेल का गं?” कुणा एकीबद्दल असं ठामपणे सांगता येत नाही, आणि तिला मी तेच सांगितलं. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून वाचायला लागले.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात सौंदर्यकाम करणाऱ्या तरुण बायकांच्या आपोआप झालेल्या गर्भपातांचा अभ्यास झाला होता, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. पूर्णवेळ काम करणाऱ्यांमध्ये केमिकलची कामं जितकी जास्त, तितका धोका वाढलेला दिसला. फॉर्मल्डिहाइडचं जंतुनाशक वापरणाऱ्यांमध्येही तो वाढलेला होता. आणि ज्या सलूनमध्ये कृत्रिम नखांचं काम *दुसरी कुणी* करत होती, तिथल्या बायकांमध्येही! पुढच्या सगळ्या अभ्यासांत एकसारखं उत्तर मिळालेलं नाही. काहींत वाढ थोडीशीच दिसते, काहींत दिसतच नाही. मी डॉक्टर नाही, पण मालकीण म्हणून मला एवढं कळलं की नखं करणारी एकटी वाफ घेत नाही, ती वाफ सगळ्या खोलीची असते.

आमच्या व्यवसायात एक पद्धत आहे. मुलीने गोड बातमी दिली की तिला थ्रेडिंगवर किंवा काउंटरवर बसवायचं. पद्धत चांगल्या मनाची आहे, पण उशिराची. बाळाचे मुख्य अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, आणि त्यातले बरेच दिवस बाईला स्वतःलाच कळलेलं नसतं. कळलं तरी आपल्याकडे तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुणी बोलत नाही. त्यातून केराटिनचा इन्सेंटिव्ह सगळ्यात मोठा. सांगितलं तर पगार उतरणार, मग सांगेल कोण? म्हणून गरोदर बाईला वेगळं काढण्याऐवजी खोलीच सगळ्यांसाठी बदलायची असं आम्ही ठरवलं.

२०१९ मध्ये केराटिन आणि स्मूदनिंग बंद केलं. उत्पन्नाला मोठा फटका बसला. काही क्लायंट गेल्या त्या परत आल्या नाहीत. इन्सेंटिव्ह ट्रीटमेंटवरून काढून कामाच्या तासांवर आणला. हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण केमिकलचं काम नको म्हणणाऱ्या मुलीचे पैसे आता कापले जात नाहीत.

हवेचं काम खर्चिक नव्हतं, पण नीट समजून करावं लागलं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. एक्झॉस्ट पंखा भिंतीवर उंच लावला तर वाफ नाकासमोरून वर जाते. म्हणून आम्ही तो केसांना कलर करण्याच्या टेबलाशेजारी, टेबलाच्याच उंचीवर बसवला आणि समोरून हवा आत यायला झडप ठेवली. साधा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही, हे मुलींना पटवायला वेळ लागला. कलर कालवणं पंख्यापाशीच होतं. नेलपेंट काढायच्या अॅसिटोनचे बोळे झाकणाच्या डब्यात जातात. नायट्राइलचे हातमोजे कलर लावतानाच नाही, धुतानाही घालायचे. जेवणाचा डबा कलरच्या खोलीत उघडायचा नाही.

नखांचं काम सुरू आहे, पण प्रत्येक बाटलीची चौकशी करून. जेल पॉलिशमधला टीपीओ हा घटक युरोपीय संघाने प्रजननाला घातक ठरवून १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. आम्ही तो असलेला माल घेत नाही. टोल्युइन आणि डायब्युटाइल थॅलेट असलेलं नेलपेंटही नाही. वितरकाकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातले घटक आणि त्यांचे धोके सांगणारा कागद, मागितली की काही जण उडवाउडवी करतात. त्यांची ऑर्डर तिथेच थांबते.

कायद्याचं सांगायचं तर २०१७ पासून प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण दुकानांसाठी अट दहा माणसांची. दुसरी शाखा झाल्यावर आम्ही त्यात आलो. गल्लीतल्या पार्लरात तीन-चार बायका असतात, त्यांना यातलं काहीच नाही. ही अट काढली पाहिजे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी केसपेपरवर बाईचं काम लिहून घेतलं पाहिजे, असं मी प्रत्येक सभेत बोलते.

नाशिक परिसरातल्या ज्या पार्लरवाल्यांना पंखा कुठे बसवायचा ते पाहायचं असेल, त्यांनी मंगळवारी दुपारी यावं. गर्दी नसते, सगळं उघडून दाखवता येतं. आपल्या गाळ्याचा नकाशा कागदावर काढून आणा, दारं-खिडक्या कुठे आहेत तेवढं पुरेल.