लव्हाळ्यांची हद्द

तळ्याकाठी चित्र काढताना वारा सुटला की काम थांबतं. प्रतिबिंब विस्कटतं आणि अर्ध्यावर आलेला पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पुढे नेता येत नाही. त्या सकाळी ब्रश धुऊन वारा पडायची वाट बघत होतो, तेवढ्यात मासे धरणारी ओळखीची मावशी होडी लावून थेट माझ्याकडे आली.

"जुनी चित्रं आहेत ना तुझ्याकडं? लव्हाळी कुठवर होती ते बघायचंय."

काठावर भराव पडल्यापासून लव्हाळी हटत चालली आहेत. भराव घालणाऱ्यांचं म्हणणं, ती आधीपासून एवढीच होती. पण लव्हाळ्यांच्या बुडाशी मासे अंडी घालतात, पिल्लं तिथंच लपून वाढतात. लव्हाळी गेली की मावशीचं जाळं रिकामं.

माझ्या खोलीत आल्यावर तिनं आधी भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे बोट दाखवलं. त्यात लव्हाळी पार काळ्या खडकाला भिडलेली. पण ते चित्र मी खोलीत बसून केलंय आणि रचनेसाठी खडक सरकवलाय. निसर्गचित्रकार हे करतातच. गुस्टाव क्लिम्ट ऑस्ट्रियात आटरझे तळ्याकाठी उन्हाळा घालवायचा, तेव्हा पुठ्ठ्याच्या चौकोनी खिडकीतून दृश्य निवडायचा. निवडलं की बाकीचं सुटतंच. चित्र म्हणून यात गैर काही नाही. पण साक्षीला ते चालणार नाही, आणि तसं मी तिला सांगितलं.

मग जागेवर बसून केलेली स्केचेस जमिनीवर पसरली. मागे तारीख, वेळ लिहिलेली. मावशीनं रंगांकडे पाहिलंच नाही. जाळ्याच्या दोऱ्यानं चिरलेलं तिचं बोट कागदाला न टेकता खडकापासून लव्हाळ्यांपर्यंत फिरत होतं. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब जिथं मिळतात ती पाण्याची रेघ, आणि जागेवर बसलो की ती मी कधीच अंदाजानं ओढत नाही. तिचं बोट नेमकं त्या रेघेवर थांबलं.

"इथंच माझं जाळं अडकायचं!"

तिनं निवडलेल्या कागदांत एक अगदी फिकट, आभाळ अर्धवट सोडलेला होता. प्रदर्शनात मी तो कधी लावला नसता. पण काठ त्यात सगळ्यांत स्पष्ट आहे. गावच्या बैठकीत तो आधी दाखवायचा, असं आमचं ठरलं.

"तूही चल," ती म्हणाली. "काय सरकवलंस, काय नाही, ते तुझ्या तोंडून सांग."

मी जाणार आहे. भिंतीवरचं चित्र घरीच राहील.